फोटोचे रिझोल्युशन कसे तपासावे

डिजिटल फोटो म्हणजे पिक्सेलची, अर्थात रंगाच्या बारीक चौकोनी ठिपक्यांची जाळी. ४००० × ३००० मापाच्या फोटोत एका आडव्या ओळीत ४००० ठिपके असतात आणि अशा ३००० ओळी असतात. एकूण १ कोटी २० लाख ठिपके, म्हणून तो १२ मेगापिक्सेलचा. फोटोत जास्तीत जास्त किती तपशील मावू शकतो, हे याच संख्येवर ठरते.

सॉफ्टवेअरमध्ये आणखी एक आकडा दिसतो: ७२, ९६ किंवा ३०० पीपीआय. छापताना एका इंचात किती पिक्सेल बसवायचे, एवढेच तो सांगतो. पिक्सेलला पीपीआयने भागले की छापील माप इंचांत मिळते. हातात धरून पाहायच्या छपाईला साधारण ३०० पीपीआय लागतात. त्या हिशेबाने ४ × ६ इंची प्रिंटला १२०० × १८०० आणि ए-फोर पानाला २४८० × ३५०८ पिक्सेल हवेत.

पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्यात २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने वाघ टिपला, तर मूळ फोटो ६००० × ४००० पिक्सेलचा असतो. ३०० पीपीआयने तो २० इंच रुंद छापता येतो. पण वाघ लांब होता म्हणून कडा कापून फक्त १५०० × १००० पिक्सेलचा तुकडा ठेवला, तर तोच फोटो जेमतेम ५ इंच रुंद उरतो.

फोटोशॉपमध्ये ‘इमेज’ मेनूतील ‘इमेज साइज’ उघडले की पिक्सेल, छापील माप आणि पीपीआय एकाच चौकटीत दिसतात. तिथल्या ‘रिसॅम्पल’ची खूण आधी काढावी. मग वाघाच्या तुकड्याचे पीपीआय ७२ वरून ३०० केले, तर छापील रुंदी २०.८ इंचांवरून ५ इंचांवर येते; पिक्सेल १५०० च राहतात. खूण तशीच ठेवून ३०० टाकले, तर सॉफ्टवेअर १५०० चे ६२५० पिक्सेल करते. हे जादाचे ठिपके शेजारच्या रंगांवरून अंदाजाने भरलेले असतात. फाइल फुगते, पण वाघाच्या मिशा काही स्पष्ट होत नाहीत. मोफत मिळणाऱ्या गिंपमध्ये याच दोन कामांना ‘प्रिंट साइज’ आणि ‘स्केल इमेज’ असे वेगळे पर्याय आहेत.

नुसत्या आकड्यांवर विसंबून चालत नाही. कुणी आधीच ताणून मोठा केलेला फोटोही भरपूर पिक्सेल दाखवतो. त्यासाठी फोटो १०० टक्के झूमवर पाहावा. डोळे, केस, अक्षरांच्या कडा तिथे पुसट दिसल्या, तर तपशील मुळातच कमी आहे. पडद्यावर मावेल असा लहान करून पाहिला, तर बहुतेक फोटो चांगलाच दिसतो.

फ्लेक्सचा हिशेब वेगळा. यवतमाळच्या दुर्गोत्सवात लागणारे मोठे बॅनर रस्त्यापलीकडून पाहिले जातात, त्यामुळे तिथे ३०० पीपीआयची गरज नसते. ४००० पिक्सेलचा फोटो १० फुटांवर ताणला तर इंचाला ३३ पिक्सेल पडतात आणि लांबून ते चालून जातात. अडचण येते ती समूहफोटोतून कापलेल्या चेहऱ्यांची. ३०० पिक्सेलचा चेहरा ३ फुटांचा केला, तर इंचाला ८ पिक्सेलच उरतात आणि चौकोन उघडे पडतात. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो आणखी आक्रसतो. म्हणून छपाईसाठी मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी.

ऑनलाइन अर्जांत मागितलेली केबी मर्यादा म्हणजे रिझोल्युशन नव्हे. ते फाइलचे वजन. ३.५ × ४.५ सेंटिमीटरच्या फोटोला ३०० पीपीआयने सुमारे ४१३ × ५३१ पिक्सेल पुरतात. आधी फोटो या मापाचा करून घ्यावा आणि मग जेपीजी साठवताना ‘क्वालिटी’ कमी करत मर्यादेत आणावा. हे सारे बदल प्रतीवर करावेत. एकदा कमी करून साठवलेले पिक्सेल त्या फाइलमधून परत मिळत नाहीत.