प्रकाशवलयाचा वायुदाबमापक

हवेचा दाब दाखवणारे यंत्र दिवाणखान्याच्या भिंतीवर शोभेसाठी लावण्याची प्रथा युरोपात जुनी आहे. 1643 साली टॉरिचेल्लीच्या प्रयोगातून पाऱ्याचा वायुदाबमापक निघाला. 1844 मध्ये ल्यूसियाँ विदी या फ्रेंच संशोधकाने पाऱ्याऐवजी आतली हवा काढून घेतलेली पातळ धातूची डबी वापरून निर्द्रव वायुदाबमापक सिद्ध केला, आणि त्यानंतर ‘वादळ’, ‘पाऊस’, ‘बदल’, ‘निरभ्र’ असे शब्द कोरलेली पितळी तबकडी हे सुखवस्तू घराचे एक लक्षणच होऊन बसले. काट्याच्या जागी रंगीत एलईडी दिव्यांचे वलय बसवून हौशी मंडळी आज त्याच यंत्राची नवी आवृत्ती घरी बनवतात. जोडणीच्या दृष्टीने हे काम फारसे अवघड नाही. अवघड आहे ते महाराष्ट्राच्या हवेत त्या दिव्यांना अर्थ देणे.

यंत्राचा गाभा म्हणजे बीएमपी280 सारखा संवेदक. अवघ्या अडीच मिलिमीटर लांबीच्या या घटकात सिलिकॉनचा सूक्ष्म पडदा असतो. हवेच्या दाबाने तो किंचित वाकतो, त्याबरोबर त्यावरील रोधकांचा रोध बदलतो आणि त्या बदलावरून दाब हेक्टोपास्कल या एककात काढला जातो. बाजारात आर्द्रताही मोजणाऱ्या बीएमई280 च्या नावाखाली पुष्कळदा हाच घटक विकला जातो. बीएमई चौरस असतो आणि बीएमपी लांबट, एवढे ध्यानात ठेवले तरी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत फसगत टळते. संवेदकाचे आकडे ईएसपी8266 हा छोटा नियंत्रक वाचतो आणि डब्ल्यूएस2812बी जातीच्या दिव्यांना हुकूम सोडतो. या जातीच्या प्रत्येक दिव्यात लाल, हिरवा व निळा असे तीन एलईडी आणि त्यांचा स्वतःचा चालक असल्यामुळे एकाच तारेवरून सर्व दिव्यांना वेगवेगळे रंग देता येतात. पूर्ण पांढऱ्या उजेडात एक दिवा सुमारे 60 मिलिअँपिअर प्रवाह घेतो, म्हणजे 24 दिव्यांच्या वलयाला जवळजवळ दीड अँपिअर लागतात. हा भार नियंत्रकावर न टाकता 5 व्होल्टच्या वेगळ्या पुरवठ्यावर टाकावा आणि दोन्हींचे ऋण टोक समाईक ठेवावे. शिवाय नियंत्रकाचा संदेश 3.3 व्होल्टचा असतो, तर 5 व्होल्टवर चालणारा दिवा किमान 3.5 व्होल्टची अपेक्षा धरतो. पुष्कळ जोडण्या या तफावतीसह चालूनही जातात, पण मध्ये पातळी वाढवणारा एखादा आयसी घातला की दिव्यांची अवेळी लुकलुक थांबते.

खरा प्रश्न याच्या पुढचा आहे. समुद्रसपाटीजवळ दर आठ-साडेआठ मीटर उंचीमागे दाब साधारण एक हेक्टोपास्कलने कमी होतो, त्यामुळे सुमारे 560 मीटर उंचीवरील पुण्यात तो 950 च्या आसपास, म्हणजे पाऱ्याच्या 28 इंचांजवळ राहतो. जुन्या इंग्रजी तबकडीवर तिथे ‘वादळ’ हा शब्द असतो, आणि उंचीची दुरुस्ती न केलेला वायुदाबमापक पुणेकरांना बारा महिने वादळाचीच वर्दी देत राहील. ही दुरुस्ती एका सूत्राने होते, पण दुसरी अडचण तेवढ्याने सुटत नाही. सूर्याच्या उष्णतेमुळे, विशेषतः ओझोन आणि बाष्प यांनी ती शोषल्यामुळे, वातावरणात दिवसातून दोनदा भरती-ओहोटी येते: सकाळी व रात्री दहाच्या सुमारास दाब चढलेला असतो, तर पहाटे व दुपारी चारच्या सुमारास उतरलेला. उष्ण कटिबंधात दहा ते चार या वेळेतली ही घसरण सहज तीन हेक्टोपास्कलपर्यंत जाते. तीन तासांतल्या बदलावरून भाकीत करण्याची युरोपीय रीत इथे जशीच्या तशी उचलली, तर रोज दुपारी वलय विनाकारण लाल होईल, आणि असे यंत्र आठवडाभरात केवळ शोभेची वस्तू होऊन राहील.

उपाय साधा आहे, आणि हवामानशास्त्रज्ञांच्या जुन्या सवयीतलाच आहे: आताच्या दाबाची तुलना काल याच वेळेच्या दाबाशी करावी, म्हणजे दैनंदिन भरती-ओहोटी बव्हंशी वजा होते. 24 दिव्यांचे वलय यासाठी जणू बेतूनच केलेले आहे. प्रत्येक दिवा एका तासाचा. फरक नगण्य असेल तर अंबर रंग, दाब चढत असेल तर निळा, आणि घसरण दोन हेक्टोपास्कलपलीकडे गेली तर लाल. ताशी एक नोंद कायमस्वरूपी स्मृतीत लिहिली नाही, तर वीज गेल्यावर सगळा इतिहास पुसला जातो. आपल्याकडे ही तरतूद चैनीची नव्हे. निळा आणि अंबर ही जोडी निवडण्यामागेही कारण आहे: काही पुरुषांना लाल-हिरव्यातला भेद कळत नाही.

तरीही या यंत्राकडून रोजच्या सरींचे भाकीत मागू नये. जुलैत दाब आधीच खाली असतो आणि कोकणातला मुसळधार पाऊस त्यात मोठी उलथापालथ न करताही कोसळतो. चक्रीवादळाची गोष्ट वेगळी: 3 जून 2020 रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलेल्या ‘निसर्ग’सारख्या वादळाच्या वाटेवर दाबाची घसरण दैनंदिन चढउतारापेक्षा कितीतरी मोठी असते आणि वलयावर ती ठळक उमटते.

पेटीसाठी सागवान शोभते, पण संवेदक दिव्यांपासून दूर, छिद्रे पाडलेल्या वेगळ्या कप्प्यात हवा. दाबाच्या मोजणीला दिव्यांच्या उष्णतेचे फारसे वावडे नाही. हाच संवेदक देत असलेला तापमानाचा आकडा मात्र दोन-तीन अंशांनी फुगतो. दिव्यांपुढे दुधी ॲक्रिलिकचा पत्रा बोटभर अंतर सोडून बसवला, तर ठिपके विरून सलग कडे दिसते, आणि रात्री उजेड दहा टक्क्यांवर आणला तरी डोळ्यांना तो पुरेसा वाटतो.