फुट्सक्रे : एका कामगार वस्तीचा क्लब

कामगार संघटनेच्या माणसाने खेळावर काय बोलावे, असे आपणांपैकी काहींच्या मनात आले असेल. पण शनिवारी दुपारी मैदानावर जायचे तर आधी ती दुपार मोकळी हवी, आणि ती कोणी फुकट देत नाही. ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या पाथरवटांनी 21 एप्रिल 1856 रोजी हत्यारे खाली ठेवून मोर्चा काढला आणि पगार न कापता आठ तासांचा दिवस मिळविला. तीनच वर्षांनी, 1859 च्या मे महिन्यात, त्याच शहरात तिथल्या फुटबॉलचे नियम कागदावर आले. पहिले खेळाडू बहुतेक सुखवस्तू क्रिकेटपटू; हिवाळ्यात अंग मोकळे राहावे एवढाच त्यांचा हेतू. अर्ध्या शनिवारची सुटी पसरली, तसा हा खेळ कामगारांच्या वस्त्यांत उतरला.

खेळ आपल्या ओळखीचा नाही. मैदान लंबवर्तुळाकार, चेंडूही लांबट, प्रत्येक बाजूस अठरा गडी. चेंडू हातात घेऊन पळता येते. मात्र मधूनमधून तो जमिनीवर टेकवावा लागतो. फेकायचा नाही, लाथेने मारायचा किंवा मुठीने ठोसून सोबत्याकडे द्यायचा. टोकाला चार खांब. मधल्या दोहोंतून लाथेने गेला तर सहा गुण, बाजूने गेला तर एक.

मेलबर्नच्या पश्चिमेस, नदीपलीकडे, फुट्सक्रे ही वस्ती आहे. एकेकाळी तिथे दगडाच्या खाणी, कातडी कमावण्याचे कारखाने, दारूगोळ्याचा कारखाना. वास आणि धूर यांसाठी ती बदनाम होती. तिचा क्लब एकोणिसाव्या शतकातला. वरच्या लीगमध्ये त्याला जागा मिळाली ती 1925 साली. आदल्याच वर्षी, जायबंदी सैनिकांच्या मदतीसाठी झालेल्या सामन्यात, त्याने लीगच्या विजेत्या एसेंडन संघाला हरविले होते. पहिले अजिंक्यपद यायला 1954 उजाडले. त्या अंतिम सामन्यात पंधरा गोल आणि बारा एकेरी गुण, म्हणजे 102. मेलबर्न क्लबचे 51. कर्णधार चार्ली सटन हाच प्रशिक्षक. त्यानंतर मात्र दीर्घ दुष्काळ.

1989 चा मोसम संपताच बातमी आली की क्लब कर्जात बुडाला आहे, आणि फिट्झरॉय या दुसऱ्या क्लबात त्याचे विलीनीकरण व्हायचे आहे. सभासदांना कोणी विचारले नव्हते. एका साध्या पाठीराख्या बाईने कोर्टाची पायरी चढली. तिच्या बाजूला वकील पीटर गॉर्डन होते. अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीने फुप्फुसे गेलेल्या कामगारांचे खटले लढलेला हा माणूस. कोर्टाने मुदत दिली तीन आठवड्यांची. जमवायचे होते सुमारे 15 लाख डॉलर. 8 ऑक्टोबरला क्लबच्या मैदानावर सुमारे दहा हजार लोक जमले. लोक डबे खुळखुळवीत रस्त्यांवर, दारोदार फिरले. पावतीपुस्तक घेऊन चाळींचे जिने चढलेल्या मला एवढे सांगता येते की, नाण्यांच्या वर्गणीतून अशी रक्कम उभी करणे म्हणजे कंबर मोडणारे काम. पैसे जमले आणि विलीनीकरण बारगळले. पुढे गॉर्डनच क्लबचे अध्यक्ष झाले.

फिट्झरॉयच्या नशिबी हे नव्हते. 1996 च्या मोसमाअखेर तो क्लब ब्रिस्बेनच्या संघात विलीन झाला. मेलबर्न ते ब्रिस्बेन हे अंतर दीड हजार किलोमीटरच्या आसपास. शनिवारी दुपारी पायी मैदानावर जाणाऱ्याने आता काय करावे?

फुट्सक्रेने दुसरे अजिंक्यपद 2016 साली मिळविले, बासष्ट वर्षांनी, सिडनीला 22 गुणांनी हरवून. कर्णधार बॉब मर्फी दुखापतीमुळे त्या दिवशी खेळू शकला नव्हता. प्रशिक्षक ल्यूक बेव्हरिजने त्याला मंचावर बोलावले आणि स्वतःचे पदक त्याच्या गळ्यात घातले. मर्फीने नंतर ते परत केले.

एक गोष्ट मात्र मला खटकते. क्लब वाचला, पण 1997 च्या मोसमापासून पहिल्या संघाच्या नावातून ‘फुट्सक्रे’ गेले आणि ‘वेस्टर्न बुलडॉग्ज’ आले. साऱ्या पश्चिम भागातून पाठीराखे मिळावेत, हा त्यामागचा हिशेब. हिशेब मला समजतो. पण ज्यांनी डबे खुळखुळविले, त्यांनी ते फुट्सक्रेसाठी. दुय्यम संघ 2014 पासून पुन्हा जुन्याच नावाने मैदानात उतरू लागला.