कामगार पडताळणीचं ॲप काढायचंय? आधी काउंटरवर उभे राहून बघा

"सर, आपल्या भागातल्या दुकानदारांना कामगारांची माहिती तपासून देणारं ॲप काढलं तर चालेल का?" हा प्रश्न ट्रेनिंगमध्ये बऱ्याचदा येतो. चालू शकतं. मुंबईची आयडीफाय 2011 पासून याच क्षेत्रात आहे. पण अशा कंपन्यांचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे बँका आणि कंपन्या. तिथे एचआर नावाचं वेगळं खातं असतं. ढाणकीत एचआर म्हणजे मालक स्वतः, एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात बिलबुक, आणि समोर चार गिऱ्हाईकं. त्याला पंधरा रकान्यांचा इंग्रजी फॉर्म दाखवलात तर ॲप त्याच दिवशी डिलीट होणार, बरं का.

म्हणून पहिल्या स्क्रीनवर एकच प्रश्न ठेवा: माणूस कोणत्या कामासाठी पाहिजे? पुढचं सगळं त्यावर ठरू द्या. मालवाहू गाडीला ड्रायव्हर पाहिजे तर लायसन्स चालू आहे का, ते परिवहनच्या वेबसाइटवर कळतं. लायसन्स नंबर आणि जन्मतारीख पुरते. मेडिकलमध्ये फार्मासिस्ट पाहिजे तर फार्मसी कौन्सिलची नोंदणी बघा. पोतं उचलायला हमाल पाहिजे, तर त्याची मार्कशीट कशाला मागता? ओळख पटली आणि वय कळलं की झालं. वय मात्र बघाच. 14 वर्षांखालच्या मुलाला दुकानात कामावर ठेवणं गुन्हा आहे.

ओळखीसाठी आधारची झेरॉक्स घेऊन गल्ल्यात कोंबायची आपली जुनी सवय. त्यापेक्षा मास्क्ड आधार मागा. त्यात नंबराचे शेवटचे 4 अंकच दिसतात. आणि क्यूआर कोड यूआयडीएआयच्या ॲपवरून स्कॅन करा. झेरॉक्सवर कोणीही काहीही छापून आणू शकतो.

आता नाजूक भाग. ई-कोर्ट्सवर पक्षकाराच्या नावाने खटले शोधता येतात, म्हणून ॲपवाल्यांना वाटतं नाव टाका, निकाल दाखवा, पैसे घ्या. उमरखेड-पुसद पट्ट्यात राठोड, चव्हाण, जाधव किती आहेत, मोजून बघा! त्याच नावाचा, त्याच वयाचा दुसरा माणूस शेजारच्या गावात सापडतो. तुमच्या ॲपने लाल खूण दाखवली, दुकानदाराने "उद्यापासून येऊ नको" म्हटलं, की त्या पोराची नोकरी गेली. का गेली तेसुद्धा त्याला कळत नाही. बापाचं नाव आणि पत्ता जुळल्याशिवाय "नोंद सापडली" असं लिहायचंच नाही. जुळलं तरी खटला चालू आहे, निर्दोष सुटलाय की शिक्षा झालीय, हे साध्या मराठीत लिहा. लाल-हिरवी खूण आणि शंभरपैकी मार्क ही भानगड मला तरी अजिबात पटत नाही. मालक मार्क बघतो आणि खालचं वाचत नाही.

जातीचा रकाना तर नकोच. इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने अख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, तरी पारधी म्हटलं की काही लोकांची नजर अजून बदलते. तुमच्या ॲपने ती नजर मोबाईलमध्ये भरू नये.

म्हणून अहवाल मालकाच्या आधी कामगाराला दिसला पाहिजे. "हा मी नाही" असं सांगायला एक बटण द्या आणि त्याने ते दाबलं की मालकाकडे अहवाल जाणं थांबवा. जुन्या मालकाच्या फोनचंही तसंच. "किती दिवस होता, परत ठेवाल का" एवढे दोन प्रश्न पुष्कळ कामाचे असतात. पण ऐन हंगामात सोडून गेलेल्या पोराबद्दल कोणता मालक गोड बोलेल? त्याची बाजू लिहायला जागा ठेवा.

संमती आधी घ्या, आणि मराठीत घ्या. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमतीचा मजकूर इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायची सोय द्यायला सांगितलंय, आणि मराठी त्यात आहेच. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, टप्प्याटप्प्याने लागू होतायत. वाचता न येणाऱ्यासाठी तोच मजकूर आवाजात ठेवा. खाली सहीच्या जागी फक्त "ओके" नको. काय तपासणार, कोण बघणार, कधी पुसणार, या तिन्ही गोष्टी तिथेच दिसू द्या. निवड झाली नाही तर कागदपत्रं पुसून टाका. दुसऱ्यांची कागदं जितकी जास्त सांभाळाल तितकी जबाबदारी तुमचीच वाढते.

पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र तुमचं ॲप देऊ शकत नाही. त्यासाठी उमेदवार स्वतः महाराष्ट्र पोलिसांकडे ऑनलाइन अर्ज करतो. तुम्ही फक्त अर्ज भरायला मदत करा. "पोलीस व्हेरिफाइड" असा शिक्का स्वतःच्या मनाने मारू नका.

आणि कोडिंगला पैसे घालण्याआधी हे सगळं कागदावर करून बघा. आपल्या ओळखीची दहा दुकानं घ्या: कृषी केंद्र, किराणा, मेडिकल, कापड. प्रत्येक मालकाला कागदी फॉर्म द्या आणि बाजाराच्या दिवशीच द्या, गर्दीत. कुठे अडतो, कोणता रकाना रिकामा सोडतो, काय विचारतो, ते वहीत लिहा. मग त्याच्याकडच्या कामगाराला तोच फॉर्म वाचायला लावा. दोघांनाही कळला, की मग डेव्हलपरला फोन करा.