‘फसलेला’ फोर्लान : दंतकथा आणि नोंदी

मँचेस्टर युनायटेडच्या फसलेल्या खरेद्यांची यादी निघाली की दिएगो फोर्लानचं नाव त्यात हटकून असतं. युरोपातल्या लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या गोलवीरांची यादी काढली तर तिथेही तो आहे, तेही दोनदा. आणि अंधेरीच्या स्टेडियमवर 2016 साली निळ्या जर्सीत त्याला पाहिलेल्या मुंबईकरांकडे तिसरंच मत असतं: ‘पेन्शनीत आलेला म्हातारा, पण हॅट्ट्रिक मारून गेला.’ एकाच स्ट्रायकरबद्दल इतकी उलटसुलट मतं असतील, तर त्यातली बरीचशी ऐकीव असणार.

पहिला समज असा की फोर्लान उरुग्वेच्या लीगमध्ये गोलांचा पाऊस पाडून युरोपात गेला. दक्षिण अमेरिकेतला स्ट्रायकर म्हटलं की ही वाट आपण गृहीतच धरतो. पण फोर्लान वयाच्या छत्तिसाव्या वर्षापर्यंत मायदेशातल्या पहिल्या श्रेणीत एकही सामना खेळला नव्हता. मोंतेविदेओतल्या पेन्यारोल आणि दानुबिओ या क्लबांच्या कुमार संघांतून तो विशीच्या आत नदीपलीकडे, अर्जेंटिनातल्या इंदेपेंदिएंते क्लबात गेला. व्यावसायिक पदार्पण झालं तेच परदेशात. पेन्यारोलच्या मुख्य संघाची पिवळी-काळी जर्सी त्याने घातली ती 2015 साली, म्हणजे इंग्लंड, स्पेन, इटली, ब्राझील आणि जपान हे सगळं पालथं घालून झाल्यावर.

‘बापाच्या नावावर आला’ हीसुद्धा एक आवडती कुजबुज. घराणं मोठं होतं यात वाद नाही. वडील पाब्लो फोर्लान 1966 आणि 1974 अशा दोन विश्वचषकांसाठीच्या उरुग्वेच्या संघात होते; आजोबा हुआन कार्लोस कोराझो यांनी 1962 च्या विश्वचषकात उरुग्वेला मार्गदर्शन केलं. पण मँचेस्टरमध्ये या वंशावळीचं कुणाला काय! शिवाय दिएगो लहानपणी फुटबॉलइतकाच टेनिसमध्ये रमलेला होता. दोन्ही पायांनी सारख्याच ताकदीने फटका मारणं ही त्याची पुढे ओळख ठरली. मूळचा तो उजव्या पायाचा. डावा पाय त्याने सरावाने घडवला.

आता मँचेस्टर. जानेवारी 2002 मध्ये त्याची मिडल्सब्रो क्लबशी बोलणी जवळपास पक्की झाली होती. ऐनवेळी युनायटेडचे प्रशिक्षक सर अॅलेक्स फर्ग्युसन मध्ये पडले आणि सुमारे 70 लाख पौंडांत तो युनायटेडचा झाला. पहिल्या गोलसाठी त्याला 27 सामने वाट पाहावी लागली. तो गोल सप्टेंबर 2002 मध्ये, चॅम्पियन्स लीगमध्ये मकाबी हैफाविरुद्ध आला आणि तोही पेनल्टीवर. वर्तमानपत्रांना आयतंच खाद्य मिळालं. ‘27 सामने, शून्य गोल’ हा आकडा खरा आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष तेवढा खरा नाही.

कारण या ‘सामन्यां’त फोर्लान मैदानावर किती वेळ होता, हे कुणी विचारत नाही. युनायटेडकडून तो 98 सामने खेळला, पण निम्म्याहून अधिक वेळा बदली म्हणून, कधी शेवटची वीस मिनिटं तर कधी त्याहून कमी. त्याच्यापुढे रूड व्हॅन निस्टलरॉय होता. या डच स्ट्रायकरने 2002-03 च्या मोसमात सगळ्या स्पर्धा मिळून 44 गोल केले. अशा माणसाला बसवून कुठला प्रशिक्षक नवख्याला पूर्ण सामना देईल? फर्ग्युसन बऱ्याचदा पुढे एकच स्ट्रायकर ठेवत. मग फोर्लान कधी डाव्या बगलेला, कधी निस्टलरॉयच्या मागे. एकूण गोल झाले 17. तक्रार करायची तर तीही करता येते: मिळालेल्या संधीही त्याने बऱ्याच घालवल्या. पण दहा मिनिटांचा सामना आणि नव्वद मिनिटांचा सामना एकाच रकान्यात मांडून काढलेली सरासरी स्ट्रायकरबद्दल फार थोडं सांगते.

आणि जे गोल झाले ते कुठे झाले तेही पाहावं. डिसेंबर 2002 मध्ये लिव्हरपूलच्या अॅनफिल्ड मैदानावर त्याने तीन मिनिटांत दोन गोल केले. पहिला गोलरक्षक येर्झी ड्युडेकच्या हातून सुटलेल्या चेंडूवर, दुसरा उजवीकडून सणसणीत फटक्याने. युनायटेडने तो सामना 2-1 असा जिंकला आणि मोसमाअखेरीस लीगही. त्या दोन गोलांवरचं गाणं युनायटेडचे प्रेक्षक अनेक वर्षं म्हणत राहिले. फसलेल्या खेळाडूवर कुणी गाणी रचत नाही.

त्याच्या महिनाभर आधीचा साउथहॅम्प्टनविरुद्धचा प्रसंग तर बघण्यासारखा आहे. शेवटच्या पाच-सात मिनिटांत विजयी गोल झाला आणि आनंदाच्या भरात त्याने जर्सी काढून भिरकावली. ती पुन्हा घालताना बाह्या सापडेनात. तोवर पंचांनी खेळ सुरू केला, आणि हा गडी उघड्या अंगाने, हातात जर्सी धरून चेंडूमागे धावतोय! जर्सी काढली की पिवळं कार्ड हा सक्तीचा नियम 2004 साली आला, म्हणून तेव्हा निभावलं.

युनायटेडमधून तो बाहेर का पडला, याची त्यानेच सांगितलेली हकिगत बुटांची आहे. ओल्या मैदानावर पकड राहावी म्हणून फर्ग्युसनना लांब खिळ्यांचे बूट हवे होते. फोर्लानला आखूड खिळ्यांची सवय. बदलतो म्हणाला, बदलले नाहीत. ऑगस्ट 2004 मध्ये चेल्सीविरुद्ध गोलसमोर मोक्याच्या क्षणी पाय घसरला. सामन्यानंतर बूट बदलायला तो घाईघाईने ड्रेसिंग रूममध्ये शिरला, पण फर्ग्युसननी गाठलंच. त्यांनी बूट उचलून फेकले. युनायटेडकडून त्याचा तो शेवटचा सामना. अर्थात एका घसरण्यावर कारकीर्द संपत नाही. त्याच महिन्यात वेन रूनी युनायटेडमध्ये येत होता आणि आघाडीला आधीच गर्दी होती.

इथे पैशांबद्दलचा एक जुना गोंधळ दूर करायला हवा. ‘अमुक खेळाडूला 70 लाख पौंड मिळाले’ असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. ही रक्कम खेळाडूच्या खिशात जात नाही. एक क्लब दुसऱ्या क्लबाला, करार मुदतीआधी सोडून देण्याचा मोबदला म्हणून ती देतो. खेळाडूची कमाई म्हणजे त्याचा पगार, बोनस आणि करारावर सही करताना ठरलेली रक्कम. उलट, खेळाडू करार संपवून मोकळा झाला असेल तर क्लबाला ट्रान्सफर फी द्यावीच लागत नाही. शिवाय 2001 पासून फिफाच्या नियमात एक तरतूद आहे: देशाबाहेर झालेल्या विक्रीच्या रकमेतले पाच टक्के, खेळाडू 12 ते 23 या वयात ज्या क्लबांत घडला त्यांच्यात वाटले जातात. 12 ते 15 या वयातल्या प्रत्येक वर्षाला पाव टक्का, पुढच्या प्रत्येक वर्षाला अर्धा टक्का. दक्षिण अमेरिकेतल्या छोट्या क्लबांना हा पाव-अर्धा टक्का फार मोलाचा असतो.

मोठा क्लब सोडून छोट्या गावी गेला म्हणजे घसरण सुरू झाली, हे गणित फोर्लानच्या बाबतीत साफ उलटं पडलं. युनायटेडने जेवढ्याला घेतला त्याहून कितीतरी कमी किमतीत तो ऑगस्ट 2004 मध्ये स्पेनच्या व्हियारेआलला गेला. जेमतेम पन्नास हजार वस्तीचं, टाइल्सच्या कारखान्यांच्या पट्ट्यातलं हे गाव. पण तिथे मागे हुआन रोमान रिकेल्मे होता, चेंडू नेमका हवा तिथे हवा तेव्हा देणारा. आणि फोर्लान रोज पहिल्या अकरांत. पहिल्याच मोसमात त्याने लीगमध्ये 25 गोल केले, स्पेनमधला सर्वाधिक गोलांचा मान मिळवला आणि युरोपचा गोल्डन शू थिएरी हेन्रीबरोबर विभागून घेतला. व्हियारेआल लीगमध्ये तिसरं आलं. पुढच्या मोसमात चॅम्पियन्स लीगमध्ये नेमके व्हियारेआल आणि मँचेस्टर युनायटेड एकाच गटात पडले. दोन्ही लढती गोलशून्य सुटल्या. गटाअखेरीस व्हियारेआल पहिलं, युनायटेड शेवटचं. तिथून व्हियारेआल थेट उपांत्य फेरीपर्यंत गेलं.

गोल्डन शू सर्वांत जास्त गोल करणाऱ्याला मिळतो, हाही अर्धवट समज. 1996-97 पासून गोलांना लीगच्या दर्जाप्रमाणे गुणतात. वरच्या पाच लीगमधल्या गोलला दोन गुण, त्याखालच्या लीगना दीड, बाकीच्यांना एक. याचा धडधडीत दाखला 2008-09 चा. साल्झबर्गकडून खेळणाऱ्या मार्क यांकोने ऑस्ट्रियाच्या लीगमध्ये 39 गोल केले होते, पण दीडपटीने त्याचे गुण झाले 58.5. अॅटलेटिको माद्रिदच्या फोर्लानचे 32 गोल, म्हणजे 64 गुण. बार्सिलोनाच्या सॅम्युअल एटोचे 30 गोल, 60 गुण. शू माद्रिदला गेला.

अॅटलेटिकोत तो 2007 साली सुमारे 2 कोटी 10 लाख युरोंत गेला होता. फर्नांडो टोरेस लिव्हरपूलला निघून गेलेला, चाहते हळहळत होते, आणि त्या जागी हा. जोडीला कोवळा सर्जिओ अॅग्वेरो. या दोघांची जोडी म्हणजे स्पेनमधल्या बचावफळ्यांची डोकेदुखी. 2009-10 च्या युरोपा लीगमध्ये तर फोर्लानने कमालच केली: उपांत्य फेरीत लिव्हरपूलविरुद्ध घरच्या सामन्यातला एकमेव गोल, मग अॅनफिल्डवर जादा वेळेत निर्णायक गोल, आणि 12 मे 2010 ला हॅम्बर्गमधल्या अंतिम सामन्यात फुलहॅमविरुद्ध दोन्ही गोल, त्यातला दुसरा 116 व्या मिनिटाला. अॅटलेटिकोने युरोपातला चषक जिंकला तो 1962 नंतर पहिल्यांदा. महिन्याभरात दक्षिण आफ्रिकेत विश्वचषक सुरू झाला. तिथे पाच गोल, उरुग्वे चौथं आणि सर्वोत्तम खेळाडूचा गोल्डन बॉल फोर्लानला. त्याला एका विश्वचषकापुरता चमकलेला खेळाडू म्हणणाऱ्यांनी हा क्रम जरा पाहावा. विश्वचषकाआधीच त्याच्या घरी दोन गोल्डन शू होते.

इंटर मिलानमधलं 2011-12 चं वर्ष मात्र खरंच वाईट गेलं. लीगमध्ये गोल दोनच. ‘बत्तिशी ओलांडली, संपला’ असं तेव्हा म्हटलं गेलं. वय हे कारण होतंच, पण एकटं नव्हे. एटोला विकल्यावर त्याच्या जागी फोर्लानला आणलं गेलं. मात्र त्याच ऑगस्टमध्ये तो अॅटलेटिकोकडून युरोपा लीगच्या पात्रता फेरीत खेळून बसला होता. नियमाप्रमाणे त्या हिवाळ्यातल्या चॅम्पियन्स लीगच्या गटात इंटरकडून उतरायला तो अपात्र ठरला. इतक्या मोठ्या क्लबाच्या कार्यालयात हे आधी कुणी तपासलं नाही, याचं आजही नवल वाटतं. त्यात दुखापत, डाव्या बगलेला खेळणं आणि एकाच मोसमात तीन प्रशिक्षक: गॅस्परिनी, रानिएरी, स्ट्रामाचोनी.

ब्राझीलच्या इंतरनॅसिओनालमध्ये तो पुन्हा सावरला. 2013 च्या राज्य स्पर्धेत क्लब विजेता आणि सर्वाधिक गोल त्याचे. मग जपान. परदेशी तारा आणला की संघ वर जातो, या समजुतीला सेरेझो ओसाकाने 2014 मध्ये चांगलाच धडा दिला. फोर्लान आला, तिकिटं खपली, आणि तीन प्रशिक्षक बदलून संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला. त्याचे लीगमधले सात गोल संघाला वाचवू शकले नाहीत. पुढल्या वर्षी तो दुसऱ्या श्रेणीतही खेळला, याची नोंद मात्र फार जण ठेवत नाहीत. तिथून पेन्यारोल, तिथे लीगचं विजेतेपद आणि मार्च 2016 मध्ये क्लबाच्या नव्या स्टेडियममधला पहिला गोल.

आणि मग मुंबई. भारतात येणारे वयस्क तारे केवळ फोटो काढून घ्यायला येतात, हा समज अगदीच निराधार नाही. सुरुवातीच्या मोसमांत इंडियन सुपर लीगने अशी काही नावं पाहिली. फोर्लानला त्यांच्या रांगेत बसवणं मात्र अन्यायाचं. 2016 चा मोसम ऑक्टोबर ते डिसेंबर, जेमतेम अडीच महिन्यांचा. तो खेळत होता ती मुंबई सिटी त्याच वर्षी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानातून अंधेरीच्या क्रीडा संकुलात आलेली. तिथल्या नॉर्थ ईस्ट युनायटेडविरुद्धच्या सामन्यात फोर्लानच्या पेनल्टीवर मुंबई 1-0 ने जिंकली. 19 नोव्हेंबरला केरळ ब्लास्टर्स आले. पाचव्या मिनिटाला एक, चौदाव्याला दुसरा, मध्यंतरानंतर तिसरा. वय 37. निकाल 5-0. गंमत म्हणजे समोरच्या बाकावर केरळचे प्रशिक्षक म्हणून बसलेले स्टीव्ह कॉपेल हे मँचेस्टर युनायटेडचेच जुने खेळाडू. आणि केरळचा तो संघ काही लिंबूटिंबू नव्हता. पुढे महिन्याभराने तोच अंतिम सामना खेळला.

मुंबईने त्या साखळीत पहिल्यांदाच अव्वल स्थान पटकावलं. फोर्लानच्या नावावर एकूण पाच गोल. तो बऱ्याच सामन्यांत मागे येऊन चेंडू घेत, फ्री किक आणि कॉर्नर मारत खेळला. तरुणपणी गोलसमोर उभा राहणारा हा माणूस आता चालत्या गाडीचा वेग ठरवत होता. त्याचं खरं अपयश शोधायचं तर ते कोलकात्यात सापडेल: उपांत्य फेरीच्या पहिल्या लढतीत अॅटलेटिको द कोलकाताविरुद्ध दुसरं पिवळं कार्ड मिळून तो बाहेर गेला. मुंबई ती लढत 3-2 ने हरली. तीन दिवसांनी अंधेरीतल्या परतीच्या सामन्यात एक गोल हवा होता, आणि फोर्लान निलंबित. सामना 0-0 सुटला.

त्यानंतर 2018 मध्ये हाँगकाँगच्या किचीकडून तो लीगविजेत्या संघात खेळला, 2019 मध्ये निवृत्त झाला आणि नोव्हेंबर 2024 मध्ये, वयाच्या 45 व्या वर्षी, मोंतेविदेओच्या चॅलेंजर टेनिस स्पर्धेत दुहेरीत उतरला. पहिल्याच फेरीत 6-1, 6-2 असा हरला.