मिक्सर घ्यावा की नियंत्रण-फलक?

मिक्सर म्हटले की स्वयंपाकघरातले चटणी वाटायचे यंत्र तुमच्या डोळ्यांपुढे उभे राहील. ध्वनिमुद्रणातही एक मिक्सर असतो. तो खोबरे आणि मिरच्या नव्हे, तर निरनिराळे आवाज एकत्र करतो.

समजा, गावातील ८५ वर्षांच्या एका आजींच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करायचे तुमच्या शाळेने ठरवले आहे. एक मायक्रोफोन आजींसमोर, दुसरा जात्यापाशी आणि तिसरा साथ देणाऱ्या बायकांजवळ ठेवायचा आहे. जात्याची घरघर फार वाढली तर ओवीचे शब्द बुडतील. ती अजिबात काढून टाकली तर ओवी जात्यावरची वाटणारच नाही. आजी पुन्हा इतका वेळ गाऊ शकतील की नाही, हे कोणी सांगावे? काम एकदाच आणि नीट व्हायला हवे.

दुकानदार दोन यंत्रे पुढे ठेवतो. एक ॲनलॉग मिक्सर, दुसरा डिजिटल नियंत्रण-फलक. दोन्हींवर सरकत्या मुठींच्या रांगा आहेत. या मुठींना फेडर म्हणतात. दिसायला दोन्ही यंत्रे जुळी भावंडे! पण आतून त्यांचे काही म्हणता काही जुळत नाही.

प्रथम ॲनलॉग मिक्सर पाहू. मायक्रोफोनमधील पातळ पडदा आवाजाबरोबर थरथरतो आणि त्या थरथरीप्रमाणे कमीजास्त होणारा विद्युत्दाब निर्माण होतो. ध्वनिलहरीची ही विजेच्या रूपातील नक्कलच असते. म्हणून या पद्धतीला ॲनलॉग म्हणजे सदृश पद्धत म्हणतात. हा दाब फारच क्षीण असतो. मिक्सरमधील विवर्धक तो वाढवतो आणि मग तो फेडरकडे जातो. फेडर हा एक बदलता रोधक आहे. रेडिओचा आवाज लहानमोठा करायच्या बटणाचा हा सख्खा भाऊ! मूठ खाली ओढली की आवाज कमी, वर सरकवली की जास्त. शेवटी तिन्ही मायक्रोफोनचे प्रवाह एकत्र येतात, जसे तीन ओढे एका नदीला मिळावेत.

या वाटेवर थोडा कचराही मिसळतो. रोधकातील इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सैरावैरा धावत असतात. त्यामुळे मंद ‘स्स्स’ असा आवाज उत्पन्न होतो. जॉन्सन या शास्त्रज्ञाने हा गोंगाट मोजला आणि हॅरी नायक्विस्टने त्याचे गणित मांडले. दोघांचेही लेख १९२८ साली प्रसिद्ध झाले. शिवाय फेडरमध्ये धूळ बसली की खरखर होते, ती वेगळीच.

आता नियंत्रण-फलकाकडे वळू. येथे पहिलाच धक्का बसतो. बहुतेक फलकांना मायक्रोफोन जोडायला जागाच नसते! त्यांच्यामधून आवाज जातच नाही. मूठ कोठे आहे, एवढेच हा फलक संगणकाला आकड्यांत कळवतो. १९८३ पासून रूढ असलेल्या ‘मिडी’ या संकेतपद्धतीत एका साध्या संदेशात ० ते १२७, म्हणजे १२८ पायऱ्या सांगता येतात.

मग आवाज कोठे असतो? तो दुसऱ्या एका पेटीतून संगणकात येतो. ही पेटी मायक्रोफोनचा विद्युत्दाब ठरावीक अंतराने मोजून त्याचे आकडे करते. किती वेळा मोजायचे? ऐकू येणाऱ्या सर्वांत उंच स्वराच्या कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक वेळा. या नियमाची बीजे नायक्विस्टच्या १९२८ मधीलच दुसऱ्या एका लेखात आहेत. १९४९ मध्ये क्लॉड शॅननने तो नेमकेपणाने मांडला. माणसाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचे स्वर ऐकू येतात, म्हणून १९८२ साली आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठी सेकंदाला ४४,१०० मोजमापे ठरली.

संगणकातील मिसळण म्हणजे निव्वळ गुणाकार आणि बेरीज. आजींच्या आवाजाची चार मोजमापे ३, ८, ५, −२ आणि जात्याची १, −४, ६, ० आहेत असे समजा. जात्याचा फेडर निम्म्यावर आणला की त्याचे आकडे ०.५, −२, ३, ० होतील. बेरीज केली की ३.५, ६, ८, −२ मिळतील. झाले मिश्रण!

गंमत पुढेच आहे. फक्त ही बेरीज तुम्हाला दिली, तर त्यातले आजींचे आकडे कोणते आणि जात्याचे कोणते, हे सांगता येईल का? नाही. चटणीतून खोबरे वेगळे काढता येत नाही, तसेच हे. साध्या ॲनलॉग मिक्सरमधून तयार मिश्रण मुद्रित केले, तर जात्याची घरघर जास्त झाल्याचे घरी आल्यावर कळून उपयोग नाही. मात्र संगणकात तिन्ही आवाज वेगवेगळे ठेवले असतील, तर नियंत्रण-फलकावर बोटे फिरवून दहा वेळा नवे मिश्रण करून पाहता येते. मूळ मुद्रण जसेच्या तसे राहते.

मग ॲनलॉग मिक्सर निरुपयोगी का? मुळीच नाही. त्यात आवाज जवळजवळ तत्काळ बाहेर पडतो. संगणक मात्र मोजमापे तुकड्यातुकड्यांनी हाताळतो. २५६ मोजमापांची एक तुकडी भरायला सुमारे ६ मिलिसेकंद लागतात. आत येताना एक तुकडी आणि बाहेर जाताना एक, असे १२ मिलिसेकंद झाले. तेवढ्या वेळात ध्वनी हवेतून सुमारे ४ मीटर जातो. कानाला श्रवणी लावून गाणाऱ्याला आपलाच आवाज चार मीटरवरून आल्यासारखा वाटतो. शिवाय स्नेहसंमेलनात ध्वनिक्षेपकावर भाषण ऐकवायचे असेल, तर संगणकावाचून लगेच काम करणारा मिक्सरच सोयीचा.

तेव्हा दुकानात विचारायचा प्रश्न ‘कोणते यंत्र चांगले?’ हा नव्हे. ‘आवाज कोठे मिसळायचा आणि केव्हा?’ हा आहे. सभा असेल तर आत्ता आणि येथेच. मग मिक्सर घ्या. आजींच्या ओव्या असतील तर प्रथम तिन्ही आवाज वेगळे मुद्रित करणारी पेटी आणि संगणक हवेत. नियंत्रण-फलक त्यानंतर घेतला तरी चालेल. तोपर्यंत संगणकाच्या पडद्यावरचे फेडर सरकवता येतात. पेटी नसताना नुसता फलक आणला, तर आजी गात राहतील आणि मुद्रित होईल ती केवळ शांतता!

आता तुम्हीच करून पाहा. वरच्या उदाहरणात जात्याचा फेडर पाव भागावर आणला, तर बेरजेचे चार आकडे कोणते येतील?