उन्हाळ्यातील लहान भाजीमळा : विहिरीचे पाणी, तोडणी आणि गावचे गिऱ्हाईक

प्रस्तावना

सह्याद्रीच्या पूर्वेकडील पुरंदर, खटाव, माण हे तालुके पर्जन्यछायेच्या पट्ट्यात मोडतात. येथील अल्पभूधारक भाजीपाला उत्पादकाजवळ सामान्यतः एक विहीर, तिच्या लगतचे दहा-वीस गुंठे रान आणि जवळच भरणारा आठवडी बाजार एवढी साधने असतात. मार्च ते जून या काळात भाजीला दर चांगला मिळतो. कारण त्या काळात ती पिकवणे अवघड असते. ही अडचण नेमकी कोठे असते व ती विक्रीच्या पद्धतीशी कशी निगडित आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पाण्याचा हिशेब

उन्हाळ्यात मळ्याचा आकार जमिनीवरून नव्हे, तर विहिरीवरून ठरतो. दहा गुंठे म्हणजे सुमारे एक हजार चौरस मीटर क्षेत्र. मे महिन्याच्या उन्हात बहरातील पिकाला दिवसाला सहा ते सात मिलिमीटर पाणी लागते असे धरल्यास एवढ्या रानाची रोजची गरज सहा ते सात हजार लिटर होते. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर उंचीचे पाणी म्हणजे अदमासे २८ हजार लिटर. म्हणजेच झरे आटले असता हा साठा चार दिवसांत संपतो, आणि पाटाने पाणी दिल्यास वाटेत मुरणारे पाणी जमेस धरता त्याहूनही लवकर. या भागातील काळ्या पाषाणात पाणी केवळ भेगांत व सच्छिद्र थरांत साठते. त्यामुळे दिवसा उपसलेली विहीर रात्रभरात किती भरते, यावर दुसऱ्या दिवसाचे काम अवलंबून राहते. सकाळी विहिरीत डोकावून पाण्याची खूण पाहणे हा उन्हाळ्यातील पहिला शेतीव्यवहार होय, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

वीज ही दुसरी अडचण. शेतीपंपांना वीज ठराविक तासच मिळते आणि अनेक ठिकाणी तिची पाळी आलटून पालटून दिवसा व रात्री येते. रात्रीच्या पाळीत बाष्पीभवन कमी होते हे खरे. तथापि अंधारात, विंचू-सापाच्या भीतीत बारे देणाऱ्या माणसालाच पहाटे तोडणीस उभे राहावे लागते. ठिबक संचामुळे पाणी व श्रम दोन्ही वाचतात. त्याच्या जोडीला वाफ्यावर पाचटाचे आच्छादन घातल्यास दोन पाण्यांतील अंतर वाढविता येते.

पिकांची निवड

दूरच्या बाजारासाठी पिकविणारा शेतकरी एकच पीक लावून गाडी भरू शकतो. गावात विकणाऱ्यास तसे करता येत नाही. गिऱ्हाइकाला एकाच पाटीतून भेंडी, गवार, दोडका, काकडी, मिरची आणि कोथिंबीर हवी असते. परिणामी पाच-सहा पिके लहान लहान तुकड्यांत घ्यावी लागतात व प्रत्येकाची पाण्याची भूक निराळी असते. गवारीचे मूळ खोल जाते व ती ताण सोसते. भेंडी उष्णता मानवून घेते. परंतु पांढऱ्या माशीमार्फत पसरणारा केवडा रोग एकदा शिरला की पाने पिवळी पडून फळे फिकट व बारीक येतात. टोमॅटोची फुले कडक उन्हात गळतात.

सर्वांत नाजूक कोथिंबीर. धने रगडून, भिजवून पेरावे लागतात. उगवण होईपर्यंत वाफा झाकून ठेवावा लागतो आणि उगवल्यावरही उष्णतेने ती लवकर फुलोऱ्यावर येते. मे महिन्यातील लग्नसराईत तिचा भाव चढतो तो याच कारणाने. भाव तोच ठेवून जुडी बारीक करण्याची युक्तीही याच दिवसांतील. गिऱ्हाइकाला ती कळते आणि बहुधा तो ती चालवूनही घेतो.

तोडणी व विक्री

भेंडी उन्हाळ्यात दिवसाआड तोडावीच लागते. एक पाळी चुकली की शेंग निबर होते व मागचा बहरही मंदावतो. बाजार आठवड्यातून एकदाच भरत असल्याने उरलेल्या दिवसांच्या मालाचे काय करावयाचे हा प्रश्न उभा राहतो. शिक्षकांची वसाहत, खानावळ, चहा-नाश्त्याचे हॉटेल अशा ठिकाणी लावलेला रतीब हे त्याचे उत्तर होय. तोडणी सूर्योदयापूर्वी सुरू होते. भेंडीच्या कुसांनी हात खाजू नयेत म्हणून जुन्या सदऱ्याच्या बाह्या मनगटापर्यंत ओढल्या जातात आणि माल ओल्या गोणपाटाखाली झाकून नेला जातो. पाटी घेऊन बाजारात बसणारी बहुधा घरातील स्त्रीच असते. कोणाकडे उधारी किती व कोणाला कोवळी काकडी लागते, हे तिच्याच स्मरणात असते. अशा विक्रीत आडत, हमाली व तोलाई वाचते, पण बाजारात बसण्यात जाणारा दिवस हिशेबात सहसा धरला जात नाही.

आपला माल आपण बसून विकण्याची ही रीत १९६३ च्या कृषी उत्पन्न पणन कायद्याहून फार जुनी आहे. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाजार समितीच्या आवाराबाहेरील फळे व भाजीपाल्याचा व्यवहार नियमनमुक्त केला व त्याच वर्षी शहरांतून संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार सुरू झाले. ज्याच्याकडे रोज एक-दोनच पाट्या माल निघतो, त्याला शहरापर्यंतचे भाडे एकट्याने परवडत नाही. गटाने माल नेल्यासच त्याला या सवलतीचा उपयोग होतो.

वाफा सोडण्याचा निर्णय

मेच्या उत्तरार्धात विहीर तळाला गेली की एखादा वाफा सोडून द्यावा लागतो. पाण्याचा विचार करता कोथिंबीर सोडावी व गवार राखावी हे उघड आहे. व्यवहारात मात्र अनेक शेतकरी याच्या उलट करतात. कोथिंबीर नसलेल्या पाटीकडे गिऱ्हाईक थांबत नाही. ते शेजारच्या पाटीवर जाते आणि भेंडी-गवारही तिथेच घेते. रतीब एकदा तुटला की तो पावसाळ्यात, भाजी स्वस्त असताना, परत जोडणे कठीण जाते. म्हणून पिण्याच्या हंड्यांतून उरलेले आणि भांडी विसळलेले पाणीसुद्धा दोन वाफ्यांच्या कोथिंबिरीवर घातले जाते. अशात वळवाचा एखादा पाऊस झाला तर विहिरीच्या पातळीत त्याने फरक पडत नाही. पाल्यावर मात्र चिखल उडतो आणि त्या दिवशीच्या जुड्या धुऊन, निवडून, निम्म्याच बाजारात न्याव्या लागतात.