राजीनाम्याची किंमत किती?

‘जरा ऑफिसात बसा, बाहेर कुणाला कळायला नको, आपण आपसांत मिटवू.’ मंचर, नारायणगाव, ओतूर या पट्ट्यात पोल्ट्री, दूध, भाजीपाल्याचे पॅकिंग, हॉटेल अशा ठिकाणी नोकरी सुटायची वेळ आली की पहिले बोलणे बहुधा असेच होते. त्यात गैर काही नाही. मालक ओळखीचा असतो, लग्नकार्यात समोर येतो. कामगार न्यायालय पुण्याला, म्हणजे प्रत्येक तारखेला एक रोजी बुडाली. सुलह झाली तर बरेच. बैठकीतली गोष्ट अमानत मानण्याची आपल्या घरांतली रीतही जुनी आहे.

पण गुप्त राहायची ती बोलणी. हिशेब मात्र कामगाराला माहीत हवा.

समजा, कारखान्यात बारा वर्षे काम केलेल्या कामगाराचा मूळ पगार व महागाई भत्ता मिळून महिना १३,००० रुपये आहे. मालक सव्वा लाख देऊ करतो आणि राजीनामा लिहून मागतो. घरात सगळ्यांना रक्कम मोठी वाटते. आता ग्रॅच्युइटी काढा. १३,००० ला १५ ने गुणून २६ ने भागले की ७,५००. बारा वर्षांचे झाले ९०,०००. पाच वर्षे सलग नोकरी झाली की राजीनामा दिला तरी हे पैसे मिळतातच. १९७२ च्या कायद्याने हा हक्क कोणत्याही करारापेक्षा वरचढ ठरवला होता आणि नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ग्रॅच्युइटी कायम आहे. म्हणजे मालकाने पदरचे देऊ केले ते फक्त ३५,०००!

उलट, मालकानेच त्याला जादा माणूस म्हणून कमी केले, तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय दर वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. ते होतात आणखी सुमारे ९१,०००. ‘स्वखुशीने राजीनामा देत आहे’ एवढे चार शब्द लिहिले की ही बाजू संपते. पीएफ तर वेगळाच. तो तडजोडीच्या रकमेत धरायचाच नाही.

बोलताना तोंडून निघालेली कबुली पुढे अंगावर येऊ नये, म्हणून सुरुवातीलाच ‘ही बोलणी फक्त तडजोडीसाठी, पुरावा म्हणून वापरायची नाहीत’ असे दोघांनी लिहून घ्यावे. अशा अटीवर दिलेली कबुली दिवाणी दाव्यात ग्राह्य धरत नाहीत.

ब्रिटनमध्ये बंद दाराआडच्या अशा बोलण्यांना २०१३ पासून कायद्याचे खास संरक्षण आहे. पण नोकराने स्वतंत्र सल्ला घेतल्याशिवाय तिथे हक्क सोडल्याचा करार टिकत नाही, आणि विचाराला किमान दहा दिवस द्यावेत असा संकेत आहे. आपल्याकडे कागद संध्याकाळी पुढे येतो आणि सही लगेच हवी असते. तेव्हा कागदाची प्रत मागा, घरी न्या. जुन्नर आणि घोडेगावच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे चौकशी करा. स्त्रियांना आणि औद्योगिक कामगारांना वकील मोफत मिळतो. आपसांत जमले नाही तर कामगार खात्याच्या समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो.

एक गोष्ट भगिनींसाठी. लैंगिक छळाची तक्रार पैसे देऊन मिटवता येत नाही. २०१३ च्या कायद्यात समेटाची सोय आहे, पण तक्रार करणाऱ्या स्त्रीने मागितला तरच, आणि त्याचा आधार पैसा असू शकत नाही. ‘गप्प राहा, एवढे घ्या’ असा कागद कुणी पुढे केला, तर सही न करता त्याची प्रत जपून ठेवा.